हर्मीसचा अज्ञातवास

इ. स. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यांत, २८ तारखेस, जर्मनींतील हायडेलबर्ग शहराजवळच्या टेकडीवर असलेल्या वेधशाळेंत कार्ल राइनमुट नांवाच्या ज्योतिर्विदानें आकाशाच्या एका भागाचा फोटो घेतला. ह्यांत विशेष असें कांहींच नव्हतें. तें त्याचें नित्याचें काम होतें. दुर्बीण यंत्राच्या साह्यानें ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरत ठेवावयाची, आंत फोटोची कांच उघडी ठेवावयाची, आणि मग ती धुऊन भिंगाखालीं तपासावयाची, असा तो क्रम. तारे कांचेवर ठिपक्यांच्या रूपानें उमटतात. ताऱ्यांमधून सरकत जाणारा लघुग्रह तेवढा आपल्या मागें बारीकशी रेघ ठेवून जातो. ही युक्ति राइनमुटचे गुरु माक्स वोल्फ ह्यांनीं त्याच शहरांत १८९१ सालीं प्रथम यशस्वी करून दाखविली होती, आणि शिष्यानें तिच्या जोरावर आपल्या हयातींत जवळजवळ चारशें लघुग्रह शोधून काढले. परंतु ह्या वेळच्या कांचेवरील रेघ नेहमींच्या रेघांहून फारच लांब होती.

आगगाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्यास रुळांजवळचीं झाडें झरझर मागें पळतांना दिसतात, आणि क्षितिजावरचा डोंगर जागचा हलत नाहीं. आकाशांतही तोच न्याय. लांब रेघ म्हणजे शीघ्र गति, आणि शीघ्र गति म्हणजे बहुधा सान्निध्य. दोनच दिवसांनीं, ३० ऑक्टोबर रोजीं, हा पाहुणा पृथ्वीपासून सुमारें ७ लक्ष ४० हजार किलोमीटरांवरून, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या दुपटीहूनही कांहींशा कमी अंतरावरून, निघून गेला. त्या वेळीं तो ताशीं पांच अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या बिंबाच्या दहापट अंतर, आक्रमीत होता. त्याचें तेज आठव्या प्रतीच्या ताऱ्याएवढें. नुसत्या डोळ्यांस सहाव्या प्रतीपलीकडचा तारा दिसत नाहीं, तेव्हां रस्त्यानें जाणाऱ्या माणसानें मान वर करून पाहिलें असतें तरी त्यास कांहीं दिसलें नसतें. चारपांच दिवसांचे वेध काय ते हातीं लागले, आणि तो नाहींसा झाला. इतक्या जवळून जातांना दिसलेला दुसरा लघुग्रह पुढें १९८९ पर्यंत कोणाच्या पाहण्यांत आला नाहीं.

त्याचें नांव हर्मीस असें ठेवण्यांत आलें. हर्मीस हा ग्रीकांच्या देवांचा शीघ्रगामी दूत; नांव समर्पकच म्हटलें पाहिजे. पण लघुग्रहाची कक्षा निश्चित झाल्यावांचून त्यास क्रमांक द्यावयाचा नाहीं, असा ज्योतिर्विदांचा दंडक आहे. त्यामुळें हर्मीसला नांव मिळालें, क्रमांक मिळाला नाहीं. घराण्याच्या वंशावळींत नांव आहे, पण वतनाच्या कागदांत नाहीं, अशी त्याची स्थिति झाली. आणि ती सहासष्ट वर्षें तशीच राहिली.

हरवला ह्या शब्दाचा येथें अर्थ काय, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण साऱ्या गोष्टीचें मर्म तेथेंच आहे. आकाशांतील वस्तु दिसली म्हणजे सांपडली असें नव्हे. कांचेच्या बांगडीचा नखाएवढा तुकडा हातीं आला, तर त्याच्या बाकावरून अख्ख्या बांगडीचा घेर सांगतां येईल काय? तत्त्वतः येईल, पण तुकडा जितका लहान तितका अंदाज भ्रामक. १८०१ च्या पहिल्याच दिवशीं सिसिलींतील पालेर्मो येथें पियाझी ह्यानें सीरिस हा पहिला लघुग्रह पाहिला. एकेचाळीस दिवसांत जमतील तेवढे वेध त्यानें घेतले, पुढें तो स्वतः आजारी पडला आणि सीरिस सूर्याच्या तेजांत लुप्त झाला. तेव्हां चोवीस वर्षांच्या गाउस नांवाच्या तरुण गणित्यानें तेवढ्या तुकड्यावरून घेर काढण्याची रीत बसविली, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या रात्रीं फॉन त्साख ह्यास सीरिस गाउसनें सांगितलेल्या जागेच्या अगदीं जवळ पुन्हा दिसला. गणितशास्त्राच्या इतिहासांत ह्याहून चमत्कारिक विजय फार थोडे असतील.

परंतु सीरिस हा मंगळ आणि गुरु ह्यांच्या दरम्यान संथपणें चालणारा सद्‌गृहस्थ; हर्मीस तसा नव्हे. त्याची वाट पृथ्वीची वाट ओलांडते, शुक्राचीही ओलांडते. सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास त्यास सुमारें दोन वर्षें दीड महिना लागतो. आरंभींच्या मापांत थोडीशी चूक राहिली कीं ती प्रत्येक फेरीगणिक वाढत जाते. आणि मध्यंतरीं पृथ्वीची किंवा शुक्राची ओढ जवळून लागली, तर पूर्वींचा हिशेब पुढें कामास येत नाहीं. हातीं पांच दिवसांचे वेध. अशा स्थितींत गाउस जरी पुन्हा अवतरला असता तरी त्यानें काय केलें असतें?

त्या काळीं ह्या हानीचें कोणास फारसें दुःख झालें नाहीं, हें आम्हांस मुद्दाम सांगावेंसें वाटतें. १९३२ सालीं राइनमुटनेंच शोधलेला अपोलो असाच हरवला, तो १९७३ सालीं सांपडला. ब्रुसेल्स येथील देल्पोर्त ह्यानें १९३६ सालीं पाहिलेला अडोनिस १९७७ पर्यंत बेपत्ता होता. लघुग्रहांच्या वाढत्या गर्दीनें त्रासलेले कित्येक ज्योतिर्विद त्यांस आकाशांतील उपद्रवी किडे म्हणून हिणवीत. ज्या थोड्यांस पृथ्वीजवळ येणाऱ्या लघुग्रहाची गोडी होती, त्यांस ती मोजपट्टी म्हणून होती. १८९८ सालीं सांपडलेला एरॉस १९३०-३१ मध्यें जवळ आला, तेव्हां जगांतील अनेक वेधशाळांनीं त्याचे वेध घेतले, आणि स्पेन्सर जोन्स ह्यांनीं त्यांवरून सूर्याच्या अंतराचें गणित करून तें १९४१ सालीं प्रसिद्ध केलें. आकाशांतून दगड येईल आणि आपणांवर पडेल, ही भीति त्या पिढीच्या शास्त्रज्ञांच्या मनांत घर करून नव्हती. आमच्याकडे धूमकेतु दिसला कीं राजा मरतो असें म्हणत. लघुग्रहाविषयीं तर लोकांस तेवढीही कल्पना नव्हती, कारण तो दिसतच नाहीं.

मग महायुद्ध आलें. लघुग्रहांचे वेध गोळा करून त्यांचीं गणितें प्रसिद्ध करण्याचें काम युद्धापूर्वीं मुख्यत्वें जर्मनींत, बर्लिन येथील संस्थेंत, चालत असे. त्या कामाची घडी युद्धानें विसकटली. पुढें मागाहून केलेल्या गणितांत एक विलक्षण गोष्ट उघड झाली : १९४२ च्या एप्रिल महिन्याच्या २६ तारखेस हर्मीस पृथ्वीजवळ पुन्हा आला होता, आणि तोही १९३७ पेक्षां जवळून, साडेसहा लक्ष किलोमीटरांच्या आंतून. त्या सुमारास ब्रह्मदेशांत जपानी फौजा मंडालेच्या रोखें चालल्या होत्या, क्रिप्ससाहेब हिंदुस्थानांतून हात हलवीत परत गेले होते, आणि युरोपांतील शहरें बाँबच्या भयानें रात्रीं दिवे मालवून बसत होतीं. आकाश इतकें काळोखें क्वचितच मिळतें. पण त्याकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती. लोकांच्या नजरा वर होत्या त्या विमानांसाठीं.

१९४७ सालीं हें काम अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील वेधशाळेंत पॉल हर्गेट ह्यांच्या हाताखालीं नव्यानें सुरू झालें, आणि १९७८ सालीं तें दप्तर मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें गेलें. दप्तर हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहों. जगांत कोठेंही कोणी लघुग्रहाचा वेध घेतला, कीं त्याची नोंद तेथें जावयाची. ती जुन्या नोंदींशीं ताडून पाहावयाची. आणि नवा म्हणून आलेला हा कोणी जुनाच तर नाहीं ना, ह्याचा निवाडा करावयाचा. पेशवे दप्तरांतले रुमाल उलगडून दोन पत्रांतील एकच मनुष्य ओळखणाऱ्या संशोधकाचें काम ह्याहून फारसें निराळें नाहीं. जो शोध लावतो त्याचें नांव होतें. जो नोंद सांभाळतो त्याचें सहसा होत नाहीं.

भीति आली ती १९८० नंतर. त्या वर्षीं लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ ह्या पितापुत्रांनीं सहकाऱ्यांसह असें मांडलें कीं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं डायनोसॉरांचा अंत झाला तो एका मोठ्या लघुग्रहाच्या आघातानें. आघात म्हणजे काय, ह्याची साक्ष पाहण्यास वऱ्हाडांतील वाचकांस दूर जावयास नको. लोणारचें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें वाटोळें विवर, ज्यास लोक लवणासुराची कथा जोडतात, तें काळ्या पाषाणावर आकाशांतून पडलेल्या वस्तूनें कोरलेलें आहे. १९९८ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें एक किलोमीटर व त्याहून मोठ्या अशा पृथ्वीजवळच्या लघुग्रहांपैकीं शेंकडा नव्वद दहा वर्षांत शोधण्याचा संकल्प केला, आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिको वगैरे ठिकाणीं दुर्बिणी रोज रात्रीं आकाश झाडूं लागल्या.

अशाच एका झाडणींत हर्मीस सांपडला. १५ ऑक्टोबर २००३ रोजीं ॲरिझोनांतील लॉवेल वेधशाळेचे ब्रायन स्किफ ह्यांस एक झपाट्यानें सरकणारा बिंदु दिसला. नोंद केंब्रिजच्या दप्तरांत गेली. तेथें टिमथी स्पार ह्यांनीं ती अलीकडच्या इतर वेधांशीं जुळविली, कक्षा बांधली, आणि ही वाट आपल्या ओळखीची आहे असें त्यांच्या ध्यानांत आलें. मग गणित करणाऱ्यांनीं ती मागें मागें नेली. सहासष्ट वर्षें, सूर्याभोंवतीं एकतीस फेऱ्या. आणि त्यांच्या शेवटीं हायडेलबर्गच्या कांचेवरील ती लांब रेघ. थोड्याच दिवसांत पोर्टो रिको बेटावरील आरेसिबोच्या रडारनें हर्मीसवर लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनि घेतला, तेव्हां असें आढळलें कीं हर्मीस एक नव्हेच; जवळजवळ सारख्या आकाराचे दोन गोळे सुमारें चौदा तासांत एकमेकांभोंवतीं फिरत आहेत. राइनमुट हें ऐकण्यास नव्हता. तो १९७९ सालींच वारला. हर्मीसला आतां ६९२३० हा क्रमांक आहे.

ह्यापुढची गोष्ट आमच्या मतें अधिक बोधक आहे, आणि तिची आठवण फार थोड्यांस असेल. १९ जून २००४ रोजीं ॲरिझोनांतील किट पीक येथें एक लघुग्रह दिसला. दोन रात्रींचे वेध मिळाले, आणि हर्मीसप्रमाणेंच तो हरवला. डिसेंबरांत ऑस्ट्रेलियांतून तो पुन्हा दिसला, तेव्हां गणितानें १३ एप्रिल २०२९ ही तारीख पुढें केली. २७ डिसेंबर रोजीं त्या दिवशीं पृथ्वीवर आदळण्याचा संभव सदतीसांत एक इतका ठरला. असा आंकडा ह्यापूर्वीं कधींही निघाला नव्हता. पण आदल्याच दिवशीं हिंदी महासागरांत त्सुनामी उसळून लाखों माणसें बुडालीं होतीं. वर्तमानपत्रांत दुसऱ्या संकटास जागा नव्हती. आणि त्याच दिवशीं हें संकट निवारण झालें. कशानें? कोणी यान सोडलें नाहीं. किट पीकच्याच एका दुसऱ्या दुर्बिणीनें मागें १५ मार्चच्या रात्रीं घेतलेल्या चित्रांत ह्या लघुग्रहाचा अंधुक ठसा होता. तेव्हां तो कोणाच्याच लक्षांत आला नव्हता. तो शोधून काढतांच बांगडीचा तुकडा तीन महिन्यांनीं लांबला, आणि २०२९ चें भय मावळलें. हाच तो अपोफिस. त्या तारखेस तो पृथ्वीच्या पृष्ठापासून सुमारें ३२ हजार किलोमीटरांवरून जाईल, आणि निदान शंभर वर्षें तरी त्याच्यापासून धोका नाहीं, असें २०२१ च्या रडारवेधांनीं ठरविलें. २०२४ च्या अखेरीस चिलींतून दिसलेल्या २०२४ वायआर४ ह्या लघुग्रहाच्या बाबतींतही हीच चढउतार झाली : डिसेंबर २०३२ मध्यें तो पृथ्वीवर आदळण्याचा संभव एकदां शेंकडा तीनपर्यंत गेला, आणि संभाव्य पट्ट्यांत अरबी समुद्र व दक्षिण आशियाही होता. अधिक वेध येतांच, पृथ्वीपुरती तरी, ती भीति फेब्रुवारी २०२५ मध्यें उतरली.

लहान लघुग्रहांची गोष्ट वेगळी. ६ ऑक्टोबर २००८ रोजीं दिसलेला एक लघुग्रह दुसऱ्याच दिवशीं सुदानच्या वाळवंटावर फुटला, आणि तो तेथें पडणार हें आधीं सांगितलें गेलें होतें. अशी ही पहिलीच वेळ. उलट १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं सारे ज्योतिर्विद दुसऱ्याच एका लघुग्रहाच्या २७,७०० किलोमीटरांवरून होणाऱ्या गमनाकडे डोळे लावून असतां, सूर्याच्या बाजूनें आलेला सुमारें वीस मीटरांचा धोंडा रशियांतील चेल्याबिन्स्कवर फुटला, आणि खिडक्यांच्या कांचांनीं सुमारें दीड हजार माणसें जखमी झालीं. तो कोणीच पाहिला नव्हता. १६ ऑगस्ट २०२० रोजीं दक्षिण हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून एक लघुग्रह निघून गेला. तो दिसला तो गेल्यावर सहा तासांनीं, आणि कॅलिफोर्नियांतील पालोमार येथील दुर्बिणीच्या चित्रांत त्याची रेघ ओळखणारे मुंबईच्या आय. आय. टी.चे दोन विद्यार्थी होते. राइनमुटच्या भिंगाचीच ती परंपरा. फरक एवढाच कीं कांच गेली आणि रेघ आतां संगणकाच्या पडद्यावर आली.

आज पृथ्वीजवळून जाणाऱ्या ज्ञात लघुग्रहांची संख्या पस्तीस हजारांच्या वर गेली आहे. चिलींतील व्हेरा रुबिन वेधशाळेनें २०२५ सालीं, कामाच्या प्रारंभींच, सुमारें दहा तासांच्या चित्रांत २,१०४ नवे लघुग्रह दाखविले; त्यांत पृथ्वीजवळचे सात होते. शोध आतां यंत्रें लावतात, आणि त्यांस थकवा नाहीं. पण शोधलेल्याचा माग ठेवण्यास दुसऱ्या रात्रीं, तिसऱ्या रात्रीं, महिन्यानें आणि दोन वर्षांनींही कोणास तरी दुर्बीण त्याच बाजूस वळवावी लागते. हर्मीसचे दोन गोळे ज्यानें ओळखले तें आरेसिबोचें रडार १ डिसेंबर २०२० रोजीं कोसळलें, आणि पुन्हा उभारलें गेलें नाहीं. केंब्रिजच्या दप्तरांत लहान लघुग्रहांच्या अशा कितीतरी नोंदी आहेत कीं ज्यांचे वेध दोनचार रात्रींवरच थांबले. त्यांच्यापुढील क्रमांकाची जागा रिकामी आहे.