डिझेल इंजिन (हँडलचे): सुरू न होणे

विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी, उसाचा चरक यांसाठी वापरली जाणारी एका सिलिंडरची, संथ गतीची इंजिने. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने (स्थापना १९४६) ती गावोगाव पोहोचवली. यांत ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे इंजिन सुरू न होण्याची कारणे बहुधा दोनच : डिझेल पोहोचत नाही किंवा दाब पुरेसा होत नाही.

हँडल मारताना धूर पाहावा. धूर मुळीच नसेल, तर टाकीचा कॉक, डिझेल-पंपाचा बंद करण्याचा दांडा (तो बंद राहिलेला असणे ही नेहमीची फजिती) आणि फिल्टर तपासावा. टाकी एकदा रिकामी झाली की नळीत हवा शिरते. ती आधी फिल्टरच्या, मग डिझेल-पंपाच्या स्क्रूपाशी, बुडबुडे थांबेपर्यंत काढावी. शेवटी डिझेल फवारणाऱ्या नोझलकडची नळी भरून घ्यावी. नोझल ठीक असेल, तर हँडल फिरवताना ते करकरते.

पांढरा धूर येऊनही इंजिन पेट घेत नसेल, तर दाबाचा संशय घ्यावा. डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरचा दाब मोकळा करणारा दांडा) सोडल्यावर हँडल जड झाले पाहिजे. ते हलकेच फिरले, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पाहावे : दाब वाढल्यास रिंगा झिजलेल्या, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गळते. नोझल बदलण्याची घाई मात्र उगाच होते.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. नाहीतर हँडलच्या उलट झटक्याने तो मोडतो.