इटलीत कामी आलेला पळसगावचा नाईक

नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कामी आले, तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. त्यांचा जन्म १९२१ सालचा. गाव पळसगाव, माणगाव तालुका; जिल्हा त्या वेळी कुलाबा, आता रायगड. कोकणातून पलटणीत भरती होण्याची रीत तेव्हाही जुनीच होती. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते.

दुसऱ्या महायुद्धात ४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले, पण हटताना प्रत्येक डोंगरसोंडेवर मशीनगन मांडून वाट अडवत राहिले. टायबरचे खोरे चढून जाण्याचे काम दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे आले आणि घाडगे यांची बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती.

१० जुलैला घाडगे यांच्या हाताखाली रायफलधाऱ्यांचे एक सेक्शन होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगे सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. मागे फिरले असते तरी कोणी बोल लावला नसता. ते एकटेच मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून तिच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना लोळवले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला.

२ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या वाट्याला असे दोन क्रॉस आले आणि दोन्ही इटलीच्याच भूमीवर. दुसरे मानकरी नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी लढले. ते सुखरूप घरी परतले आणि पुढे अनेक वर्षे जगले.

घाडगे यांची मात्र कबर नाही, समाधीही नाही. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. ज्यांच्या विसाव्याची जागा ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे कॅसिनो युद्धस्मशानातील स्मारकावर कोरलेली आहेत. घाडगे यांचे नाव त्यांतच आहे. देह दूर राहिला तरी नाव दगडावर राहावे, ही भावना महाराष्ट्राला नवी नाही. गावोगावच्या देवळांपाशी उभे असलेले वीरगळ तेच सांगतात: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. फरक एवढाच की बहुतेक वीरगळांवर वीराचे नावच नाही. कॅसिनोच्या दगडावर नाव आहे. पण पळसगावच्या माणसाला तिथे जाऊन फूल वाहणे कुठले परवडणार?

ती उणीव माणगावने भरून काढली. तहसील कचेरीच्या आवारात घाडगे यांचा पुतळा उभा आहे. इटलीनेही त्यांना विसरू दिले नाही. ज्या भागात ही लढाई झाली, तिथल्या पेरुजा प्रांतातील मोंतोने या डोंगरी गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावे स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या लॅटिन वचनाचा आशय आहे. वीरगळाच्या माथ्यावरचा सूर्य आणि हा सूर्य एकच. मारले गेलेले जर्मन सैनिकही याच सूर्याखालचे होते, हे त्या गावाने लक्षात ठेवले, म्हणून हे स्मारक विशेष मोलाचे वाटते.

मोंतोनेला जाणे फार थोड्यांना जमेल. माणगाव मात्र मुंबई-गोवा महामार्गावरच आहे. त्या वाटेने जाणाऱ्याने पुतळ्यापाशी दोन मिनिटे थांबावे.