उकळू न देता

बाष्पनाच्या अप्रकट उष्म्याचा धडा आला की आमची सगळी पुस्तकं जोसेफ ब्लॅकपाशी सुरू होत आणि पाण्यापाशीच संपत. ब्लॅकचा प्रयोग आहेच देखणा. 1762 साली ग्लासगोत त्याने तापलेल्या लोखंडी पत्र्यावर पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. उकळी फुटायला सुमारे 4 मिनिटं लागली, सगळं पाणी आटायला 20. घड्याळ हेच मुख्य उपकरण! पण हीच युक्ती क्लोरोफॉर्मवर करायला कुणी जाऊ नये. लाल तापल्या लोखंडाशी त्याच्या वाफेतून फॉस्जीनसारखा विषारी वायू निघतो.

क्लोरोफॉर्मला उडायला उष्णता तशी थोडीच लागते. 25 अंश सेल्सियसला एका ग्रॅम पाण्याला साधारण 2440 ज्यूल, तर याला 262च्या आसपास. त्याचा थेंब गार लागतो तो घाईने उडतो म्हणून, जास्त उष्णता खातो म्हणून नव्हे. वर्गाला हे पटवण्यात माझे बरेच खडू झिजले.

1884 साली डब्लिनच्या फ्रेडरिक ट्राउटनने सोपा ठोकताळा दिला: केल्विनमधल्या उत्कलनांकाला 88ने गुणा, एका मोलचा उष्मा ज्यूलमध्ये मिळतो. क्लोरोफॉर्मला तो छान लागू पडतो. उत्तर 29.4 किलोज्यूल, मोजलेलं 29.2. मग मोजत बसायचं कशाला?

याचं उत्तर दक्षिण स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात मिळतं. 1950च्या दशकात लेनार्ट स्मिथ, ब्येलेरुप ही मंडळी तिथे हॅलोजनची सेंद्रिय संयुगं बंद भांड्यात, म्हणजे ‘बॉम्ब’मध्ये, जाळून उष्णता मोजत होती. क्लोरीनचं संयुग जळलं की थोडा क्लोरीन सुटा राहतो, थोड्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, आणि हिशेब बिघडतो. त्यांनी बॉम्बमध्ये आर्सेनियस ऑक्साइडच्या द्रावणात भिजवलेली क्वार्ट्झची लोकर ठेवली. सुट्या क्लोरीनचंही मग आम्ल होई. ब्रोमीनच्या संयुगांसाठी बॉम्बच हलता ठेवला, द्रावण आतल्या भिंतींना सगळीकडे लागावं म्हणून. चिकाटीच म्हणायची.

एवढं करूनही जाळला तो द्रवच. द्रवात रेणू एकमेकांना धरून असतात. कार्बन-ब्रोमीन बंध किती घट्ट हे हवं असेल, तर रेणू सुटे करायला लागणारी उष्णता वेगळी मोजायला हवी, आणि तीही जाळण्याचे आकडे ज्या तापमानाला मांडतात त्या 25 अंशांनाच. ट्राउटनचा नियम उत्कलनांकावरचा. तापमान उतरलं की हा उष्मा वाढतो. क्लोरोफॉर्मचा 25 अंशांना 31.3 होतो. हा दोन किलोज्यूलचा फरक लुंडकरांना चालणारा नव्हता.

1966 साली तिथल्याच इंगेमार वाडसो यांनी थोडक्या नमुन्यावर चालणारा कॅलरीमापी प्रसिद्ध केला. त्यात उकळणं नाहीच. द्रव 25 अंशांनाच उडू द्यायचा, उडताना तो जितका गार होईल तितकी वीज देऊन तापमान जागच्या जागी धरायचं आणि ती वीज मोजायची. मला यातलं हे न उकळणंच फार आवडतं. 1968मध्ये त्यांनी क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइडांचे आकडे छापले.

क्लोरोफॉर्मपुढे त्यामुळे एका कोष्टकात 29.2 दिसतो, दुसऱ्यात 31.3. दोन्ही बरोबर. मुलं हाताला लागेल तो आकडा उचलून जर्नलात उतरवत, शेजारी तापमान न लिहिता, आणि मी तिथे लाल शाईने गोल करत असे.