इंदूरच्या खड्ड्यापासून पुसाच्या कॅप्सूलपर्यंत

दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा डीकंपोझर’ ही कॅप्सूल २०२० मध्ये गाजली. दीडशे ग्रॅम गूळ पाण्यात उकळून थंड करायचा, त्यात पन्नास ग्रॅम बेसन आणि चार कॅप्सूल कालवून भांडं उबेला ठेवायचं. काही दिवसांत वर बुरशीचा थर धरतो. हेच पुढे पंचवीस लिटरपर्यंत वाढवून भाताच्या धसकटांवर फवारलं की ती रानातच कुजतात.

या युक्तीचं मूळ शोधायला इंदूरला जावं लागतं. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारातल्या पुसाला सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. १९२४ मध्ये त्यांनी होळकरांच्या इंदुरात काम मांडलं. तिथे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि जेमतेम दोन फूट खोल असे खड्डे खणले. त्यात काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती थराथराने घातली, ओल राखली, तीनदा उलथापालथ केली. तीन महिन्यांत काळंभोर खत तयार! शेतकऱ्यांच्या जुन्या उकिरड्याला प्रयोगशाळेची शिस्त लागली ती इथे. १९३१ मध्ये या पद्धतीचं पुस्तक निघालं तेव्हा त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड हे नाव छापलं होतं. जगभरच्या सेंद्रिय चळवळीने हॉवर्डना गुरू मानलं. वाडांना मात्र आपणही विसरलो, याचं मला वाईट वाटतं.

१९३४ च्या भूकंपात बिहारातल्या पुसाची मूळ कृषी संशोधन संस्था खचली आणि १९३६ मध्ये नावासकट दिल्लीला आली. साठच्या दशकात याच आवारातून बुटका गहू पसरला आणि दिल्लीजवळचं जौंती बियाण्यांचं गाव झालं. देशाची भूक भागली, हे विसरून चालणार नाही. पण सरकारी खरेदीची हमी मुख्यतः गहू आणि भातालाच मिळाल्यामुळे पंजाब-हरियाणात बाकीची पिकं मागे पडली. त्यात भूजल वाचवण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी पुढे ढकलली. आता कापणी आणि गव्हाची पेरणी यांत मोजकेच दिवस उरतात, म्हणून शेतकरी धसकटांना काडी लावतो आणि धूर दिल्लीवर येतो.

कॅप्सूलचं पाणी फवारल्यावरही धसकटं कुजायला वीस-पंचवीस दिवस लागतात. तेवढी सवड आजच्या भात-गव्हाच्या फेऱ्यात नाही. कॅप्सूल उपयोगी आहेच, पण बाजरी, मका आणि कडधान्यांची खरेदी सरकार भातासारखी भरवशाने करणार नसेल, तर शेतकऱ्याने भात सोडावा असं सांगायचा अधिकार दिल्लीला नाही.