आधी घार ओळखा

म्हैसूरचा दसरा संपतो, जंबूसवारीच्या मिरवणुकीची गर्दी पांगते, आणि त्याच सुमारास शहराच्या आभाळात दूरदेशीचे पाहुणे दिसू लागतात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून भोवत्या येतो, सैबेरियाच्या टुंड्रातून बहिरी ससाणा येतो, तळ्यांवर मासे मारणारा कैकर येतो. हिवाळा दख्खनच्या उबेत काढून मार्च-एप्रिलमध्ये ही मंडळी परत फिरतात. ज्या वोडेयार घराण्याच्या राजचिन्हावर गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी विराजमान आहे, त्याच्या राजधानीत खऱ्याखुऱ्या शिकारी पक्ष्यांकडे मात्र मान वर करून पाहणारे अजून थोडेच आहेत.

या भूमीला पक्षी-अभ्यासाची परंपरा नाही असे नव्हे. डॉ. सालिम अलींनी १९३९-४० मध्ये म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली आणि त्यांच्याच आग्रहावरून १९४० मध्ये रंगनतिट्टू अभयारण्य झाले. तिथे नावेत बसून चित्रबलाक आणि चमचे पाहणाऱ्या वाचकांनी कधीतरी त्यांच्या वरचे आभाळही पाहावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

शिकारी पक्षी अवघड, ते जाणकारांनीच पाहावेत, असा समज आहे. मला तो मुळीच पटत नाही. बाकीच्या पक्ष्यांसाठी पहाटे उठावे लागते. गरुड, घारी मात्र ऊन तापायची वाट पाहतात. जमीन तापली की गरम हवेचे स्तंभ वर चढतात आणि पंख न हलवता, त्यांच्या आधाराने हे पक्षी गिरक्या घेत उंची गाठतात. तेव्हा न्याहारी करून, नऊ-दहाच्या सुमारास चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांवर, नंदीपाशी जाऊन बसा. एरवी डोक्यावर ठिपक्यासारखी दिसणारी घार इथे तुमच्या नजरेच्या पातळीवरून जाते. तिची दुभंगलेली शेपूट नीट पाहा. वळताना ती होडीच्या सुकाणूसारखी पिळते. महिनाभर फक्त घारच पाहिली तरी चालेल. घार अंगवळणी पडली, की एखाद्या सकाळी ‘ही घार नव्हे’ असे तुमचे तुम्हालाच जाणवेल. माझ्या मते या छंदाची खरी सुरुवात तिथेच होते. नाव नंतर सापडते.

मग माळावर या. शहराबाहेरच्या कापणी झालेल्या रानात गवताला लागून, जेमतेम पुरुषभर उंचीवरून एक सडपातळ पक्षी डुलत जाताना दिसेल. त्याचे पंख उथळ ‘व्ही’ आकारात उचललेले असतील. तो भोवत्या. मादी तपकिरी, तिच्या कमरेवर पांढरा पट्टा, नर राखाडी. पंखावर काळी रेघ असेल तर माँटेग्यूचा भोवत्या, आणि अंग जवळजवळ पांढरे, पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर असेल तर पांढुरका. माद्या ओळखताना मुरलेले निरीक्षकही अडखळतात, म्हणून तुम्ही निराश होऊ नका.

हा पक्षी टोळ, नाकतोडे, उंदीर खातो आणि रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवर झोपतो. कागदोपत्री ज्या जमिनीला आपण ‘पडीक’ म्हणतो, ते त्याचे अंथरूण असते. तिथे नांगर फिरला किंवा इमारत उठली, तर हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याला रात्र काढायला जागा उरत नाही. हा विषय निव्वळ हौसेचा नाही, असे मी म्हणतो ते यामुळेच.

महाराष्ट्रातल्या वाचकांना शिकारी पक्षी पाहण्यासाठी म्हैसूर गाठायलाच हवे असे नाही. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा अमूर ससाणा आफ्रिकेकडे जाताना नोव्हेंबरच्या सुमारास लोणावळ्याच्या पठारांवर दिसतो आणि पुढे अरबी समुद्र एका दमात ओलांडतो.

एक साधी दुर्बीण, एक वही आणि शक्य तर कन्नड बोलणारा एखादा शेजारी सोबत घ्या. घारीला ‘हद्दु’ आणि बाजाला ‘गिडुग’ म्हणतात, हे तो सांगेल, आणि कुठल्या तळ्यावर काय उतरते हेही. संध्याकाळी भोवत्या गवतात उतरू लागले की मात्र दूरच थांबा. फोटोसाठी त्यांना उठवू नका. वहीत तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहा. नाव कळले नाही तर ती जागा कोरी ठेवा, पण नोंद करायची राहू देऊ नका.