कोर्बिनियनचे अस्वल

इ. स. २००५ च्या एप्रिलमध्ये कार्डिनल जोसेफ रात्सिंगर पोपपदी निवडले गेले आणि सोळावे बेनेडिक्ट हे नाव त्यांनी धारण केले. त्यांच्या मुद्राचिन्हात पाठीवर ओझे बांधलेले एक तपकिरी अस्वल होते. ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या मुद्रेवर कोकरू शोभले असते, पारवा शोभला असता. अस्वल कशासाठी, असे पुष्कळांना वाटले. बव्हेरियातील लोकांना मात्र त्याची ओळख पटवून द्यावी लागली नाही. ते फ्रायझिंग नगरीचे, संत कोर्बिनियनचे अस्वल होते.

संत कोर्बिनियन हे आठव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेले. फ्रायझिंगचे पहिले महागुरू म्हणून त्यांचा मान आहे. त्यांच्यामागून काही दशकांनी त्याच पीठावर आलेल्या महागुरू आर्बेओ यांनी त्यांचे चरित्र लिहून ठेवले. कथा अशी की, रोमच्या यात्रेला निघालेल्या कोर्बिनियनचा मुक्काम डोंगरातील अरण्यात पडला असता एका अस्वलाने त्यांचे ओझ्याचे जनावर फाडून खाल्ले. संतांनी सेवकाला आज्ञा केली, जा, त्या अस्वलाला शासन कर आणि मेलेल्या जनावराचे ओझे त्याच्याच पाठीवर घाल. अस्वलाने ते ओझे निमूटपणे रोमपर्यंत वाहिले. तेथे पोहोचल्यावर संतांनी त्याला मोकळे सोडले.

असेच दुसरे अस्वल संत गॉल यांचे. स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन नगरीच्या चिन्हावर ते आजही आहे. त्याने संतांसाठी लाकडे वाहून आणली आणि बदल्यात संतांनी त्याला भाकर दिली.

लहानपणी ऐकताना या कथा गोड वाटतात. परंतु मिशेल पास्तूरो या फ्रेंच इतिहासकारांनी अस्वलाच्या इतिहासावर २००७ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील प्रतिपादन धर्मगुरूंना अस्वस्थ करणारे आहे. त्यांच्या मते उत्तर युरोपातील जुन्या लोकांच्या दृष्टीने अस्वल हे पशूंचा राजा होते, जवळजवळ पूज्य होते. म्हणून ख्रिस्तसभेने त्याला त्या आसनावरून खाली खेचले, त्याच्या जागी परदेशी सिंह बसवला आणि संतांच्या कथांतून अस्वलाला ओझेवाहू करून टाकले. हे सर्वस्वी मान्य करावे असे मला वाटत नाही. अरण्ये तोडणाऱ्या कुऱ्हाडीने आणि कळप राखणाऱ्या मेंढपाळाच्या भीतीने अस्वलाचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही संतचरित्राने केले नसेल. पण त्यात तथ्य मुळीच नाही, असेही म्हणवत नाही.

शिकारीविषयी ख्रिस्तसभेने काय म्हटले, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. इ. स. ५०६ मध्ये आग्द येथे भरलेल्या धर्मपरिषदेने महागुरूंना व धर्मगुरूंना शिकारी कुत्रे व ससाणे बाळगण्यास मनाई केली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन महासभेने सर्व धर्मसेवकांना शिकार वर्ज्य ठरवली. एकच बंदी पुनःपुन्हा घालावी लागते, याचा अर्थ ती पाळली जात नव्हती, हे सांगायला नकोच! मात्र या बंदीचे कारण प्राण्यांविषयीची दया हे नव्हते. शिकारीची धुंदी वेदीजवळ उभे राहणाऱ्याला शोभत नाही, एवढेच त्यात होते. सरदारांनी आणि राजपुत्रांनी अस्वले मारली त्याला कोणी हरकत घेतली नाही. प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा ठार करणे हे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, हे वाक्य धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात स्पष्टपणे आले ते १९९२ मध्ये. 'विनाकारण' हा शब्द तेथे आहे, आणि सगळा वाद त्या एका शब्दाभोवती फिरतो.

बव्हेरियातील शेवटचे रानटी अस्वल १८३५ मध्ये रूपोल्डिंगजवळ मारले गेले. त्यानंतर मुद्रांवर, घंटांवर, पुतळ्यांत अस्वल उरले, रानात नव्हते. एकशे सत्तर वर्षे लोटली. दरम्यान इटलीच्या त्रेंतिनो प्रांतातही अस्वले जवळजवळ नामशेष झाली होती. म्हणून १९९९ ते २००२ या काळात स्लोव्हेनियातून दहा अस्वले आणून तेथील डोंगरांत सोडण्यात आली. त्यांपैकी युर्का नावाच्या मादीला माणसांच्या वस्तीजवळ अन्न शोधण्याची सवय जडली आणि आईचे पाहून पिलेही तेच शिकली. त्या पिलांतील एक २००६ च्या मे महिन्यात ऑस्ट्रियातून बव्हेरियात शिरले. संशोधकांनी त्याला क्रमांक दिला होता; वर्तमानपत्रांनी त्याचे नाव ब्रुनो ठेवले.

प्रथम त्याचे स्वागतच झाले. मग त्याने मेंढ्या मारल्या, कोंबड्या व ससे पळवले, मधमाश्यांच्या पेट्या फोडल्या. माणसाला त्याने इजा केली नव्हती. पण माणसाची भीती त्याला राहिलेली नव्हती. बव्हेरियाचे मुख्यमंत्री एडमुंड श्टोयबर यांनी सर्वसाधारण अस्वल, उपद्रवी अस्वल आणि 'समस्या-अस्वल' अशी वर्गवारी जाहीरपणे सांगितली. त्या भाषणाची पुष्कळ टिंगल झाली, परंतु शब्द रूढ झाला. गोळी घालण्याची परवानगी दिली गेली, लोकक्षोभामुळे ती मागे घेतली गेली. फिनलंडहून शिकारी व त्यांचे कुत्रे आणून त्याला जिवंत धरण्याचा खटाटोप दोनेक आठवडे चालला, तो फसला. २६ जून २००६ च्या पहाटे श्पित्सिंगझे सरोवरानजीकच्या डोंगरावर ब्रुनोला गोळी घातली गेली. शिकाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांची नावे सरकारला गुप्त ठेवावी लागली.

अस्वलाच्या प्राणासाठी माणसाचा प्राण घेण्याची भाषा करणे, ही कोणती भूतदया?

त्यानंतर अडीच महिन्यांनी, ९ सप्टेंबरला, पोप बेनेडिक्ट आपल्या मायभूमीच्या भेटीस आले आणि म्युनिकच्या चौकात मारियामातेच्या स्तंभापाशी त्यांनी कोर्बिनियनच्या अस्वलाची कथा सांगितली. देवासाठी ओझे वाहणारा पशू म्हणून ते स्वतःकडे पाहत. कथेतल्या अस्वलाची रोममध्ये सुटका झाली, आपली झाली नाही, असे ते विनोदाने म्हणत.

मला त्या कथेत निराळेच काही दिसते. अस्वलाने नुकसान केले, हे संत नाकारीत नाहीत. ते त्याला लाडावत नाहीत, ठारही करीत नाहीत. भरपाई घेतात आणि सोडून देतात. ब्रुनोच्या बाबतीत भरपाईची गोष्ट उशिरा निघाली. ज्या मेंढपाळाचा कळप फाटला त्याला पैसे कोणी द्यायचे, पेट्यांना विजेचे कुंपण कोणी घालायचे, डोंगरकड्यावरच्या खाणावळीतला कचरा अस्वलाच्या तोंडी लागणार नाही असा कोणी ठेवायचा, हे प्रश्न आधी सोडवले असते तर बंदूक कदाचित लागली नसती. शहरात राहून ब्रुनोसाठी अश्रू ढाळणाऱ्यांची एकही मेंढी गेली नव्हती. वसईच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. २०२४ च्या मार्चअखेर आपल्या किल्ल्यात बिबट्या आला आणि जवळजवळ महिनाभर पिंजऱ्यात सापडेना. त्या दिवसांत किल्ल्यालगत राहणाऱ्या आईची काळजी आणि दूरच्या शहरात बातमी वाचणाऱ्याचे कुतूहल एकाच तागडीत घालता येत नव्हते.

आणि मेंढीपेक्षा मोठी किंमतही पडते. ५ एप्रिल २०२३ रोजी त्रेंतिनोत डोंगरात धावायला गेलेल्या एका तरुणाला अस्वलाने ठार केले. ते अस्वल म्हणजे त्याच युर्काची दुसरी मादी. तिला पकडून कोंडण्यात आले, तिच्या जिवासाठी न्यायालयात झगडे झाले. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस अब्रुत्सोत उलटी घटना घडली. तेथील अस्वले मुळातच थोडी, साठच्या आसपास. पिलांना घेऊन गावातील रस्त्यांतून निर्धास्त फिरणारी, लोकांनी आमारेना असे नाव ठेवलेली मादी एका माणसाने बंदुकीने मारली. आपण घाबरलो होतो, असे त्याने सांगितले. ज्या गावांनी तिला वर्षानुवर्षे वाट करून दिली, ती गावे हळहळली. दोन्ही ठिकाणी इटलीचाच कायदा होता. पण अब्रुत्सोतील अस्वले कधी पूर्णपणे नाहीशी झाली नव्हती, त्यामुळे तेथील माणसांची त्यांच्याबरोबर राहण्याची सवयही मोडली नव्हती. त्रेंतिनोत ती सवय आजोबांबरोबर दफन झाली होती आणि अस्वले मात्र परत आणली गेली.

ब्रुनोची पेंढा भरलेली काया २००८ पासून म्युनिकच्या निम्फेनबुर्ग राजवाड्यातील संग्रहालयात आहे. मधमाश्यांची पेटी फोडताना त्याला दाखवले आहे. शाळेतील मुले काचेला नाक लावून पाहतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गार्मिश भागातल्या रानात बसवलेल्या एका कॅमेऱ्यात पुन्हा एक अस्वल टिपले गेले. ब्रुनोनंतर बव्हेरियात प्रथमच. त्याला कोणी नाव ठेवले नाही.