कनालांची श्रीमंती

१९४७ साली लाहोर अंतरल्यावर, तेथील हवेल्या, बागा आणि पिढीजात मिळकतींचे दस्तऐवज मागे टाकून आलेल्या पंजाबी कुटुंबांना वैभवाची नवी मोजणी शिकवली ती चंडीगढ या नव्या राजधानीने. महसुली दफ्तरातला कनाल, म्हणजे वीस मरले जमीन, हे तिचे एकक. ले कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात, शिवालिकच्या पायथ्याशी वसलेल्या राजधानी-संकुलालगतच्या सेक्टरांत विस्तीर्ण भूखंड आखले गेले, आणि दक्षिणेकडे उतरावे तसतशी वस्ती दाट होत गेली. सरकारी निवासस्थानांच्याही, मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत, १३ श्रेणी ठरल्या. पत्त्यावरून माणसाचा हुद्दा कळावा, हे मला आजही सलते. तथापि सर्वांत कनिष्ठ श्रेणीच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय देणाऱ्या जेन ड्रू, मॅक्सवेल फ्राय व पिएर जानेरे या वास्तुविशारदांविषयी मनात कृतज्ञताच दाटते.

जानेरे यांच्या देखरेखीखाली घडलेल्या ज्या सागवानी खुर्च्यांवर बसून कारकुनांनी उभी हयात खर्डेघाशी केली, त्या कालांतराने मोडीत निघाल्या आणि परदेशी लिलावांत लक्षावधी रुपयांना विकल्या जाऊन धनिकांच्या दिवाणखान्यांत मिरवू लागल्या. त्यांच्या विक्रीस केंद्र सरकारने मनाई केली ती २०११ साली.